केकची सावली निळी का? वेन थीबो सरांची चित्रं समजून घेताना

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत एक चित्र आहे, नाव नुसतं 'केक्स', साल १९६३. पाच फूट उंच, सहा फूट रुंद कॅनव्हास आणि त्यावर मोजून तेरा केक, प्रत्येक आपापल्या स्टँडवर ऐटीत बसलेला. मागे काही नाही, माणूस नाही, दुकान नाही, खिडकी नाही, नुसता पांढरट रंग. पहिल्यांदा बघितलं की हमखास वाटतं की ही बेकरीची जाहिरात आहे, आणि ह्याला एवढ्या मोठ्या म्युझियममध्ये कोणी टांगलं बुवा. मलाही तसंच वाटलेलं, खोटं कशाला बोलू. मग नंतर कधीतरी मोठ्या स्क्रीनवर झूम करून बघितलं आणि केकच्या कडेला लाल, निळ्या, हिरव्या अशा बारीक रेघा दिसल्या ज्या केकमध्ये असण्याचं काहीच कारण नाही, आणि सावली काळी किंवा करडी नाही, चक्क निळी. तिथून हा सगळा नाद लागला.

तर हा लेख त्या चित्रकाराबद्दल, वेन थीबो. स्पेलिंग बघून बरेच जण थिबॉड वगैरे म्हणतात पण उच्चार थीबो. (आणि रत्नागिरीच्या थिबा पॅलेसचा काही संबंध नाही, तो ब्रह्मदेशचा राजा, हा अमेरिकन.) जवळजवळ सगळीकडे ह्याची ओळख 'पॉप आर्टवाला, केक रंगवणारा' अशी एका ओळीत संपवतात. (पॉप आर्ट म्हणजे बाजारातल्या रोजच्या वस्तू, जाहिराती, कॉमिक्स ह्यांनाच चित्राचा विषय करणारी साठच्या दशकातली लाट.) माझं म्हणणं असं की हा माणूस आयुष्यभर ड्रॉइंगचा मास्तर होता आणि त्याची चित्रं म्हणजे ड्रॉइंगच्या तासाला फळ्यावर येतात ते प्रश्न त्याने स्वतः सोडवलेत, जन्मभर, न कंटाळता. हे एकदा डोक्यात ठेवलं की केक बाजूला राहतो आणि चित्र दिसायला लागतं.

आधी माणूस कुठला ते बघू. जन्म १५ नोव्हेंबर १९२०, ॲरिझोना राज्यातलं मेसा गाव. पोरगं तान्हं असतानाच घरचे कॅलिफोर्नियात लाँग बीचला आले. मोठा झाला तो मंदीच्या काळात, मध्ये काही वर्षं युटा राज्यात शेतावर पण गेली. लाँग बीचच्या समुद्राजवळ 'माइल हाय अँड रेड हॉट' नावाच्या खाण्याच्या ठिकाणी तो पोरवयात काम करायचा, माइल हाय म्हणजे आइस्क्रीम आणि रेड हॉट म्हणजे हॉट डॉग. लक्षात ठेवा हे, पुढे उपयोगी पडेल. १९३६ मध्ये, शाळकरी वयातच, डिस्नेच्या स्टुडिओत उन्हाळी कामाला लागला, आठवड्याला १४ डॉलर. काम काय, तर मुख्य ॲनिमेटर हालचालीचं सुरुवातीचं आणि शेवटचं चित्र काढणार आणि मधली सगळी चित्रं ह्या पोरांनी भरायची. म्हणजे गूफी ह्या कार्टून कुत्र्याचा हात इथून तिथे जातोय तर मधल्या सगळ्या जागा तुम्ही काढा. कंटाळवाणं काम, पण एकच वस्तू शंभरदा काढायची आणि दरवेळी किंचित वेगळी काढायची हे हाताला लागलेलं वळण त्याच्या सगळ्या चित्रांत दिसतं. युनियनच्या बाजूने होता म्हणून तिथून काढून टाकलं असं तो सांगायचा.

मग ट्रेड स्कूल, साइनबोर्ड, कार्टून, पोस्टर, पोटासाठी जे मिळेल ते. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते ४५ सैन्याच्या हवाई दलात, पण हातात बंदुकीपेक्षा ब्रश जास्त, कार्टून आणि पोस्टरचीच कामं. युद्धानंतर रेक्सॉल नावाच्या औषधाच्या कंपनीत जाहिरातीच्या लेआउटचं काम. लेआउटवाला माणूस रोज काय ठरवतो? बाटली पानावर कुठे ठेवायची, तिच्याभोवती किती जागा मोकळी सोडायची, वाचणाऱ्याची नजर आधी कुठे जाईल आणि मग कुठे. 'फाइन आर्ट'वाले लोक ह्या कामाला नाक मुरडतात, तिकडेही मुरडायचे आणि आपल्याकडे कमर्शियल आणि पेंटिंग ह्या दोन डिपार्टमेंटचं नातं कसं असतं ते कुठल्याही आर्ट कॉलेजवाल्याला विचारा. थीबोने मात्र ह्या कामाची लाज कधी बाळगली नाही, उलट आपण जे शिकलो ते तिथेच असं म्हणायचा.

कॉलेजला गेला तो १९४९ मध्ये, म्हणजे तिशीला टेकल्यावर. आधी सॅन होजे, मग सॅक्रामेंटो स्टेट, १९५१ मध्ये बीए, मग एमए. आणि त्याच १९५१ मध्ये सॅक्रामेंटोच्या ज्युनियर कॉलेजात शिकवायला पण लागला, आणि त्याच वर्षी गावातल्या क्रॉकर म्युझियममध्ये पहिलं एकट्याचं प्रदर्शन. तर इथून पुढे आपण त्यांना सर म्हणू.

आता गोष्ट थोडी अडते. १९५० चं दशक म्हणजे न्यूयॉर्कच्या ॲब्स्ट्रॅक्ट एक्स्प्रेशनिझमचा जोर, म्हणजे मोठे कॅनव्हास, रंगाचे फटकारे, वस्तू बिस्तू काही नाही, सगळी आतली खळबळ थेट रंगात. सरांचीही चित्रं तशीच फटकारे मारलेली असायची. १९५६-५७ मध्ये रजा घेऊन ते न्यूयॉर्कला गेले, तिथे विलेम डी कूनिंग, फ्रांझ क्लाइन ह्या त्या काळच्या बड्या मंडळींच्यात उठबस झाली. डी कूनिंगच्या बोलण्याचा त्यांनी घेतलेला अर्थ साधारण असा, की चित्र 'कला' दिसावं म्हणून जे जे करतोयस ते सोड, आणि तुला खरंच जे माहिती आहे, ज्यात तुझा जीव आहे ते शोध.

परत आल्यावर त्यांनी काय केलं, तर पार पहिलीच्या वर्गात जाऊन बसले. कॅनव्हासवर साधे आकार मांडायचे, गोल, लंबवर्तुळ, त्रिकोण. मांडता मांडता त्या त्रिकोणाचा झाला पायचा तुकडा. (पाय म्हणजे आपले हातपाय नाहीत, मैद्याच्या खुसखुशीत कवचात गोड सारण भरून भाजतात तो अमेरिकन पाय, भोपळ्याचा, लिंबाचा, सफरचंदाचा.) पाय म्हणजे गोल, त्याचा तुकडा म्हणजे त्रिकोण, बशी म्हणजे लंबवर्तुळ. भूमितीच होती, फक्त वर क्रीम आलं. आणि आठवण होतीच, लाँग बीचचे काउंटर, ओळीत मांडलेल्या बश्या. सर सांगायचे की ते चित्र बघून त्यांना स्वतःलाच हसू आलं, आता आपल्याला कोणी सिरियसली घेणार नाही म्हणून, पण हात थांबेना.

हे केक आणि पाय त्यांनी समोर ठेवून काढलेले नाहीत, बहुतेक आठवणीतून काढलेत. आपल्यापैकी ज्यांनी एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या ग्रेड परीक्षा दिल्यात त्यांना फरक लगेच कळेल, वस्तुचित्र वेगळं आणि स्मरणचित्र वेगळं. वस्तुचित्रात समोरची वस्तू तुम्हाला वाचवते, चुकलं की वर बघायचं. स्मरणचित्रात डोक्यात जेवढं उरलंय तेवढंच उतरतं. म्हणून सरांचे केक कुठल्या एका दुकानातले वाटत नाहीत, सगळ्या दुकानांतले वाटतात. नको ते तपशील आठवणीने आधीच गाळून टाकलेत.

आता मुख्य गंमत, चित्र आतून चालतं कसं.

पहिली गोष्ट रंगाचा थर. केकवरचं आयसिंग दाखवायला लोक काय करतात, पांढऱ्या रंगात हलक्या छटा देऊन गुळगुळीतपणाचा भास निर्माण करतात. सरांनी तैलरंगच एवढा जाड घेतला आणि ब्रशने असा ढकलला की केकवाला सुरीने क्रीम फिरवतो तसे त्याचे वळ उठले. म्हणजे आयसिंगचं चित्र आहे आणि ते चित्र ज्याचं बनलंय तो रंगही आयसिंगसारखाच लावलाय. पायवरचं मेरिंग (अंड्याच्या पांढऱ्याचा साखर घालून फेटलेला फेस) असो की हॉट डॉगवरची मोहरीची चटणी, ज्या त्या पदार्थासारखा रंग वागतो. फोटोत हे अर्धं पण कळत नाही, एका बाजूने उजेड पडलेला असला की मग कुठे ते वळ दिसतात.

दुसरी गोष्ट त्या रंगीत कडा. हे जरा नीट समजून घ्यायला लागेल, पण घरी करून बघता येतं. एक पिकलेलं लिंबू घ्या, पांढऱ्या कागदावर ठेवा, वरून एक तीव्र दिवा लावा, आणि लिंबाकडे अर्धा मिनिट एकटक बघत रहा. थोड्या वेळाने लिंबाच्या कडेला, कागदावर, एक निळसर जांभळी झाक थरथरताना दिसेल. होतं असं की आपल्या डोळ्याच्या पडद्यावर वेगवेगळे रंग टिपणाऱ्या पेशी असतात, पिवळा बघून बघून त्यातल्या काही थकतात, आणि नजर जराशी जरी सरकली (नजर सतत सरकतच असते, आपल्याला कळत नाही) तर त्या थकलेल्या जागेवर पांढरा कागद पडतो आणि तिथे पिवळ्याच्या उलट बाजूचा रंग दिसतो. लाल बघितलात तर हिरवट निळा दिसेल. आपण रोज हे बघतो पण मेंदू ते कचरा म्हणून फेकून देतो. सरांनी तो कचरा उचलून कॅनव्हासवर ठेवला. वस्तूची बाह्यरेषा एकदा निळी, तिला लागून नारिंगी, मग कुठे हिरवी अशी काढायची आणि वर काम करताना ती पूर्ण झाकायची नाही, अधूनमधून डोकावू द्यायची. लांबून बघितलं की ह्या रेघा वेगळ्या दिसत नाहीत, फक्त केकची कड उजेडात थरथरल्यासारखी वाटते, जणू चित्रातच बल्ब लावलाय.

आणि तिसरी, शीर्षकातली सावली. शाळेत आपण सावलीला काळा रंग फासतो, पेन्सिल असेल तर घासून घासून. पण सावली म्हणजे उजेडच नाही अशी जागा नसते, तिथे मुख्य उजेड पोचत नाही, दुसरा पोचतो. उन्हात बघा, जमिनीवरच्या सावलीवर थेट ऊन पडत नाही पण निळ्या आभाळाचा उजेड पडतोच, म्हणून ती निळसर. घरात पिवळा बल्ब आणि खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड असे दोन असले तरी तेच. त्यात परत डोळ्याची करामत, आजूबाजूला सगळं उबदार पिवळं असलं की मधला साधा करडा पण निळा वाटतो. इंप्रेशनिस्ट लोकांनी (एकोणिसाव्या शतकातले, बदलता उजेड रंगवणारे फ्रेंच चित्रकार) हे शंभर वर्षं आधी पकडलं होतं, सरांनी ते कॅलिफोर्नियाच्या कडक उन्हात नेऊन आवाज एकदम मोठा केला. त्यांची सावली नुसती निळसर नसते, गडद निळी असते, कधीकधी वस्तूपेक्षा सावलीच जास्त रंगीत.

एवढं सगळं करून १९६१ मध्ये सर चित्रं घेऊन न्यूयॉर्कला गॅलऱ्यांच्या पायऱ्या झिजवत फिरले, सगळीकडून नकार, आणि दमून शेवटी ॲलन स्टोन नावाच्या माणसाच्या नव्या गॅलरीत टेकले. स्टोनलाही आधी काही झेपलं नाही म्हणतात, पण चित्रं डोक्यातून जाईनात म्हणून १९६२ मध्ये त्याने प्रदर्शन लावलं आणि सगळी चित्रं विकली गेली. न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमने सुद्धा एक घेतलं. ह्या दोघांचं नातं मग २००६ मध्ये स्टोन वारला तोपर्यंत टिकलं, धंद्यात एवढी वर्षं एकत्र राहणं सोपं नाही.

आणि नेमकं ह्याच १९६२ मध्ये पॉप आर्टचा स्फोट झाला. अँडी वॉरहॉल ह्या पॉप आर्टमधल्या बड्या चित्रकाराने रंगवलेले सूपचे ३२ डबे लॉस एंजेलिसमध्ये लागले ते त्याच वर्षी. जवळच्याच पॅसाडीनाच्या म्युझियममधल्या एका गाजलेल्या प्रदर्शनात वॉरहॉल आणि कॉमिक्समधली चित्रं मोठी करून रंगवणारा लिख्टनस्टाइन ह्यांच्या शेजारी सरांची चित्रं लागली, आणि शिक्का बसला तो बसलाच. बाजारातल्या वस्तू रंगवतो ना, मग पॉप आर्ट, झालं. सर स्वतः हे कधी मनापासून मान्य करायचे नाहीत, आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर. वॉरहॉलच्या डब्यावर ब्रँड ठळक दिसतो, तो मुद्दाच आहे, आणि चित्र माणसाने काढलंय असं वाटूच नये असा त्याचा प्रयत्न. सरांच्या केकवर दुकानाचं नाव नाही आणि हात तर इंचाइंचावर दिसतो. वॉरहॉलचा डबा एकासारखा एक, सरांच्या ओळीतल्या दोन बश्या नीट बघा, एकीची सावली लांब, दुसरीचं क्रीम जरा घसरलेलं. त्यांचं खानदान वेगळंच, अठराव्या शतकात भांडीकुंडी आणि फळं रंगवणारा फ्रान्सचा शार्दां, किंवा इटलीत बोलोन्यामध्ये जन्मभर त्याच त्या बाटल्या मांडून रंगवत बसलेला मोरांडी. सर उघडपणे म्हणायचे की मी चोर आहे, सगळ्यांकडून उचलतो.

बरं, ह्या गोड चित्रांत एक उदासपणा पण आहे, तो मला तरी नेहमी जाणवतो. एवढे केक आणि खाणारा कोणीच नाही. काच मध्ये असल्यासारखं वाटतं. मंदीत वाढलेल्या पोराने दुकानाच्या बाहेरून बघावं तसं. हे माझं वाचन आहे, सरांनी असं म्हटल्याचं नाही, ते विचारलं की आकारांबद्दलच बोलायचे.

माणसं काढली तरी तीच तऱ्हा. पत्नी बेटी जीन ह्यांना बसवून त्यांनी बरीच चित्रं केली, आइस्क्रीमचा कोन खाणारी बाई वगैरे, पण चेहऱ्यावर भाव नाहीत, मागे पांढरं, माणूसही केकसारखाच मांडून ठेवलेला. ही चित्रं मला फारशी आवडत नाहीत, पुढे जाऊ.

१९६० मध्ये सर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसला प्राध्यापक झाले. डेव्हिस म्हणजे मूळचं शेतकी कॉलेज हो, गाईम्हशी आणि टोमॅटोवाले, तिथे नवीन आर्ट डिपार्टमेंट उभं राहत होतं. सिरॅमिकवाला रॉबर्ट आर्नेसन, विल्यम वायली, रॉय डी फॉरेस्ट, शिल्पकार मान्युएल नेरी असे एकापेक्षा एक अवलिये तिथे जमले आणि बघता बघता त्या शेतकी गावाचं नाव आर्टच्या नकाशावर आलं. ह्या सगळ्यांत सरांचा तास सगळ्यात 'जुनाट'. बाकीचे प्रयोग करतायत आणि हे पोरांना बशी काढायला लावतायत. नामवंत झाल्यावर प्राध्यापक लोक शक्यतो पहिल्या वर्षाचा वर्ग ज्युनियरच्या गळ्यात मारतात, सरांना उलट तोच वर्ग हवा असायचा. त्यांचं म्हणणं, गोल बशी बाजूने बघितली की लंबवर्तुळ का होते, नजरेच्या पातळीवर आली की सपाट का होत जाते, हे ज्याला हाताने कळलं त्याला पुढचं शिकवता येतं. जुन्या मास्टर लोकांच्या नकला करायला लावायचे. आणि तेच प्रश्न संध्याकाळी स्वतःच्या स्टुडिओत स्वतःला घालायचे, म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की मास्तर आणि चित्रकार वेगळे काढताच येत नाहीत.

आता त्यांचे विद्यार्थी बघा. सॅक्रामेंटोच्या कॉलेजातले मेल रामोस आणि फ्रिट्झ शोल्डर. रामोस पक्का पॉप आर्टवाला झाला, शोल्डरने अमेरिकेतल्या आदिवासींची चित्रं अशी काढली की लोक हादरले. डेव्हिसला सरांचा टीचिंग असिस्टंट होता ब्रूस नॉमन, जो पुढे निऑनच्या ट्यूब आणि व्हिडिओचं काम करून जगप्रसिद्ध झाला, ब्रश जवळजवळ सोडूनच दिला त्याने. म्हणजे एकही जण केक काढत बसला नाही. आपली झेरॉक्स कॉपी काढणारे मास्तर आपण सगळ्यांनीच बघितलेत, म्हणून हे मला विशेष वाटतं.

सत्तरच्या दशकात सरांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या पोट्रेरो हिल भागात जागा घेतली आणि नवीनच खूळ लागलं, रस्ते. सॅन फ्रान्सिस्कोचे उतार ज्यांनी बघितलेत त्यांना माहितीये, गाडी पहिल्या गिअरला पण कण्हते. आधी ते रस्त्यावरच इझल लावून बसायचे, पण समाधान होईना, जे अंगाला जाणवतं ते चित्रात येईना. मग स्केच घरी आणून चार ठिकाणचे तुकडे एका चित्रात जोडायला लागले, एक रस्ता वरून बघितलेला, शेजारची बिल्डिंग समोरून, पलीकडचा चौक तिसरीकडून. परिणाम असा की रस्ता भिंतीसारखा सरळ उभा आणि त्यावर गाड्या पालीसारख्या चिकटलेल्या. नियमाप्रमाणे पर्स्पेक्टिव्ह (जवळचं मोठं, लांबचं लहान दाखवून खोली आणायची रीत) चूक, पण उतारावर उभं राहिल्यावर पोटात जो गोळा येतो तो बरोबर. नव्वदच्या दशकात हेच त्यांनी सॅक्रामेंटो नदीच्या खोऱ्यातल्या शेतांना लावलं, विमानातून बघितल्यासारखी वेड्यावाकड्या रंगांची शेतं, एकाच चित्रात सकाळची सावली इकडे आणि संध्याकाळची तिकडे. मला विचाराल तर केकपेक्षा ही नदीची चित्रं भारी आहेत.

रिटायर झाले १९९१ मध्ये, कागदोपत्री. पुढे कितीतरी वर्षं पगार न घेता वर्गावर जात राहिले. १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते नॅशनल मेडल ऑफ आर्ट्स, २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये मोठं सिंहावलोकन, २०२० मध्ये 'फोर पिनबॉल मशीन्स' हे १९६२ चं चित्र लिलावात १ कोटी ९० लाख डॉलरच्या वर गेलं. गूगलने २०१० मध्ये स्वतःच्या बाराव्या वाढदिवसाला होमपेजवर सरांचा केक लावला होता, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो नाव न कळता बघितला असणार. स्वतःला ते 'आर्टिस्ट' म्हणवून घ्यायचे नाहीत, पेंटर म्हणा म्हणायचे.

म्हातारपणी टेनिस आणि चित्रं दोन्ही चालू, नव्वदी उलटल्यावर सर्कशीतल्या विदूषकांची नवीन मालिकाच सुरू केली. शंभरीच्या वर्षी, २०२० मध्ये, क्रॉकर म्युझियमने शंभर कलाकृतींचं प्रदर्शन लावलं, ज्या म्युझियमने १९५१ मध्ये पहिलं लावलं होतं त्यानेच. २५ डिसेंबर २०२१ ला, १०१ व्या वर्षी, सॅक्रामेंटोला गेले.

कॅलिफोर्नियात कोणी नातेवाईक असतील तर त्यांना एक सांगा, तिथे गाड्यांना एक खास नंबरप्लेट मिळते, ताडाची झाडं आणि समुद्रावरचा सूर्यास्त असलेली, तिचे जादा पैसे कलाशिक्षणाला जातात. ते चित्र सरांचं. सिग्नलला पुढच्या गाडीवर दिसलं तर बघून ठेवा.